रिकामटेकड्यांची बाजू

पंचाहत्तरीला टेकलेला माणूस हातात मोबाइल धरून राजेंद्रनगर स्टेशनच्या बाकावर बसलाय, महूकडून येणाऱ्या गाडीची वाट बघतोय आणि त्याला जायचं मात्र कुठेच नाही, ही गोष्ट आपल्या मंडळींना अजून पचत नाही. सकाळी बागेत गेलात तर तब्येतीला जपणारे, देवळात गेलात तर भाविक, पोहे खायला गेलात तर पक्के इंदुरी. स्टेशनवर गेलात की रिकामटेकडे! मला आमच्या गल्लीतल्या एका काकूंनी फार मायेने विचारलं होतं, "भाऊ, घरी सगळं ठीक आहे ना?"

घरी सगळं ठीक आहे. मी गाड्या बघतो आणि त्यांचे व्हिडिओ काढतो. बँकेतून निवृत्त झालो तेव्हा एक लहान कॅमेरा घेतला होता, आता मोबाइलवर भागतं. आज या उद्योगाची बाजू मांडायची आहे, कारण मला ती गंभीरपणे पटलेली आहे. जो आपल्या गावच्या स्टेशनवर उभा राहून रोजची, साधी, उशिरा येणारी गाडी टिपतो, तो गावाची वही लिहीत असतो. कुणी त्याला पगार देत नाही म्हणून ते काम हलकं ठरत नाही.

इंदूरकरांना तर हे आधी कळायला हवं. आपल्याकडे रेल्वे आली तीच मुळी हिशेबाच्या वहीतून. महाराज तुकोजीराव होळकर दुसरे यांनी 1870 मध्ये खांडव्याहून इंदूरपर्यंत लाइन टाकायला इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिलं. साडेचार टक्के व्याज, मुदत 101 वर्षं! मी आयुष्यभर कर्जाचे प्रस्ताव तपासले. असा प्रस्ताव टेबलावर आला असता तर पाणी प्यायलो असतो. सरळव्याजाने वर्षाचे साडेचार लाख, म्हणजे पूर्ण मुदतीचं व्याज साडेचार कोटींच्या वर. पण लाइन झाली. खांडवा ते सनावद 1874 मध्ये, नर्मदेवरचा पूल 1876 मध्ये आणि मग घाट चढून गाडी इंदुरात. मीटरगेजची अरुंद पटरी, चढ चाळीसास एक. चाळीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. रेल्वेच्या हिशेबात हा भयंकर चढ.

आपल्यापैकी कितीतरी घरांचा महाराष्ट्राशी संबंध याच पटरीने राखला. मुंबईला जायचं तर रात्रीची ही गाडी धरून खांडवा, तिथे ट्रंका उतरवून मोठ्या लाइनवर. अकोला, वाशिम, हिंगोलीकडची माणसं काचीगुड्याच्या मीनाक्षी एक्सप्रेसने थेट जायची. लग्नाच्या पत्रिका, लोणच्याच्या बरण्या, माहेरपणाला निघालेल्या लेकी, सगळं एक मीटर रुंदीच्या पटरीवरून गेलेलं आहे. मोरटक्क्याचा पूल आला की डब्यातले सगळे खिडकीकडे सरकायचे आणि नर्मदामाईला पैसा टाकायचे. आमची आजी दहा पैशांहून कमी टाकू द्यायची नाही.

ती पटरी गेली. इंदूर-महू ब्रॉडगेज होऊन दहाएक वर्षं होत आली आणि महूहून ओंकारेश्वर रोडपर्यंत उरलेली छोटी गाडी 2023 च्या सुरुवातीला थांबली. मला त्याबद्दल रडगाणं गायचं नाही. ब्रॉडगेज पाहिजेच होती. त्या चढावर ती घालणं परवडणारं नव्हतं, म्हणून नवा मार्ग वळसा घेऊन काढलाय. तोही व्हावा, लवकर व्हावा. गेलेलं परत आणा असं मी म्हणत नाही. माझं म्हणणं एवढंच, की जाण्याआधी कुणी बघून ठेवलं का?

यावर लोक म्हणतात, अहो, पातालपानी ते कालाकुंड हेरिटेज गाडी आहे की! आहे, 2018 पासून आहे आणि मी दोनदा बसलोय. मोठ्या काचा, धबधबा, बोगदे, नातवंडं खूश. जरूर जा. पण ती सहलीची गाडी आहे. तिच्यात दुधाच्या कॅन नाहीत, कांद्याची पोती नाहीत, सीटखाली कोंबडी लपवलेला निमाडी म्हातारा नाही. ती जिथून सुटते तिथे कुणाचं काम नसतं आणि जिथे पोचते तिथेही नसतं. संग्रहालयातली पैठणी आणि आईने नेसलेली पैठणी यांत जो फरक, तोच इथे. जतन झालं म्हणून हात झटकणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

खरी गाडी माझ्याकडे आहे. साठेक व्हिडिओ, बरेचसे हललेले. त्यातला एक कालाकुंडचा. तुम्हाला आठवत असेल, तिथे गाडी बराच वेळ थांबायची. एक इंजिन घाट चढायला पुरायचं नाही, म्हणून मागून आणखी इंजिन लावायचे, ते गाडीला ढकलत पातालपानीपर्यंत न्यायचं. तोवर आपण खाली उतरून पानाच्या द्रोणातला कलाकंद खायचा. मी त्या दिवशी कलाकंद सोडून शेपटाकडे गेलो आणि मागचं इंजिन जोडतानाचं सगळं काम टिपलं. एक मध्यम वयाचा गडी दोन डब्यांच्या मध्ये शिरतो, वाकतो, कडी अडकवतो, बाहेर येतो, हात पुसतो, हिरवी झेंडी दाखवतो. शेवटी माझ्याकडे बघून, हा कोण येडा, अशा अर्थी मान हलवतो. दोन मिनिटं दहा सेकंद.

हा व्हिडिओ या ना त्या मोबाइलवरून फिरत खांडव्याला पोचला आणि मागच्या वर्षी मला एका बाईंचा फोन आला. तो गडी त्यांचे वडील. वारून काही वर्षं झालेली. घरात त्यांचे लग्नातले फोटो होते, सेवानिवृत्तीचा हार घातलेला एक होता. पण तीस-बत्तीस वर्षं ज्या कामावर ते रोज गेले, त्या कामावरचा एकही नव्हता. कोण काढणार? साहेब लोकांचे निघतात, उद्घाटनाचे निघतात. कडी अडकवणाऱ्याचा फोटो कशाला काढेल कुणी! बाईंनी मला विचारलं, मूळ फाइल मिळेल का, फिरून फिरून आलेली फार पुसट झाली आहे. मी पाठवली. मग दुसऱ्या दिवशी त्यांचा एवढाच निरोप, "चेहरा तो ठीक से नहीं दिखता, पर चाल पापा की ही है." आमच्या घरात तो निरोप मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर माझ्या स्टेशनवारीबद्दल सौ. ने अवाक्षर काढलेलं नाही. उलट डबा देते.

म्हणून इंजिनाच्या नंबरामागे धावणाऱ्या तरुण मित्रांना माझं सांगणं असतं, की बाबांनो, नंबर रेल्वेच्या दप्तरात आहे, तो कुठे जात नाही. माणसं टिपा. चहावाला, गेटमन, डब्याच्या दारात बसलेलं पोर, उशीर झाला म्हणून साडी सावरत धावणारी बाई. मोबाइल आडवा धरा. वर सिनेमाचं गाणं चिकटवू नका. चाकांचा आवाज आणि मागून येणारी आपल्या भाषेतली कुजबुज हाच तर खजिना आहे. गाडी गेली तरी लगेच बंद करू नका. गाडी गेल्यावर फलाटावर जे अर्धं मिनिट असतं, त्यात गाव दिसतं. आणि तारीख, स्टेशन, गाडीचं नाव लिहून ठेवा. व्हाउचरवर तारीख नसेल तर आमच्याकडे ते पास होत नसे.

आता दुसरी बाजू. रुळांत उभं राहून, येणाऱ्या गाडीसमोर नाचून रील काढणारी जी जमात निघाली आहे, तिचा आमच्याशी काही संबंध नाही. उभ्या वॅगनवर चढून सेल्फी काढणाऱ्या पोरांना कुणीतरी सांगायला हवं की वरच्या तारेत 25,000 व्होल्ट असतात आणि हात लागलाच पाहिजे असं नाही, नुसतं जवळ गेलं तरी वीज ओढून घेते. रुळांवर विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायद्याच्या कलम 147 प्रमाणे गुन्हा आहे, सहा महिने कैद किंवा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. माझ्या मते हा दंड फारच किरकोळ आहे, हजार रुपयांत आजकाल पोरांची पार्टीही होत नाही. अशांना पकडा, बिनधास्त पकडा.

पण होतं काय, की पकडायला सोपे आम्ही. पळत नाही ना! एका मोठ्या जंक्शनवर मी दहा रुपयांचं प्लॅटफॉर्म तिकीट खिशात घेऊन, पिवळ्या पट्टीच्या चांगला आत, बाकावर बसून व्हिडिओ काढत होतो. गणवेशातले एक गृहस्थ आले, म्हणाले, बंद करा आणि काढलेलं पुसा. मी विचारलं, नियम कोणता? म्हणाले, नियम आहे. मी म्हटलं, दाखवा, मी लगेच पुसतो. ते म्हणाले, तुम्ही शिकलेले दिसता, मग वाद कशाला घालता. यावर काय बोलणार! समोरच दोन पोरं रूळ ओलांडून पलीकडच्या फलाटावर चढत होती, तिकडे साहेबांचं लक्ष नव्हतं.

माझा राग त्या गृहस्थांवर नाही. त्यांनाही कुणी नीट सांगितलेलं नसणार. बँकेत आम्ही ग्राहकाला "नाही" म्हणायचो तेव्हा हातात परिपत्रक असायचं, क्रमांक आणि तारखेसह. तोंडी नियम म्हणजे त्या दिवशीच्या माणसाचा मूड. सुरक्षेची काळजी मला समजते. सिग्नलच्या खोल्या, लष्करी सामानाच्या गाड्या कुणीही टिपू नयेत, मी तर महूच्या छावणीशेजारी वाढलोय, हे मला शिकवायला नको. पण मग तसं लिहा. प्रत्येक स्टेशनवर एक फलक लावा: हौशी माणसाला काय चालेल, काय चालणार नाही, कुठे उभं राहायचं, धंद्यासाठी शूटिंग असेल तर परवानगी कुठे मागायची. हिंदीत लिहा, इंग्रजीत लिहा, आम्ही मराठीत समजून घेऊ. हवं तर वीस रुपये घ्या, पावती द्या. पावती असली की म्हाताऱ्या माणसाला धीर येतो.

घरच्यांनाही एक सांगायचं आहे. आजोबा स्टेशनवर जातो म्हणाले तर "उन्हात कशाला" म्हणून थांबवू नका. टोपी द्या, पाण्याची बाटली द्या, जमल्यास एखादा नातू बरोबर द्या. इंदूर-भोपाळ वंदे भारत 2023 पासून नागपूरपर्यंत जाते. माझ्या नातवाला तिचं नाक आवडतं, मला तिच्यातून उतरणारी माणसं. नागपूरकडचं मराठी आणि आपलं इंदुरी मराठी फलाटावर एकमेकांना भेटतं, ते ऐकायला फार मजा येते, बरं का! तो गाडी टिपतो, मी बोलणं. दोघांचं भांडण नाही.

राहता राहिलं एक काम. माझ्याकडे महू, पातालपानी, कालाकुंड, चोरल, बडवाह एवढं आहे. मीटरगेज असतानाच्या खांडव्याचं काहीच नाही. छोट्या गाडीतून उतरून मुंबईच्या गाडीकडे धावणारी मंडळी, तो पूल, ते हमाल. कुणाच्या घरी लग्नाच्या कॅसेटमध्ये, जुन्या कॅमेऱ्यात, परदेशातल्या मुलाच्या संगणकात पाच-दहा सेकंदही असतील तर कृपया पाठवा. गाडी नीट दिसत नसली तरी चालेल. हातात फिरकीचा तांब्या धरलेलं कुणी असेल तर ते आधी पाठवा आणि खाली नाव लिहा.