पिंप किती लिटरचे?

शाळकरी मुले बेरीज-वजाबाकीला फारशी घाबरत नाहीत. घाबरतात ती शाब्दिक उदाहरणांना. हेच पाहा. एक पिंप एक तृतीयांश भरलेले आहे. त्यात ३० लिटर पाणी ओतल्यावर ते पाऊण भरते. मग पूर्ण पिंपात किती पाणी मावेल?

मुलगा झटपट लिहितो : पाऊण पिंप म्हणजे ३० लिटर, म्हणून पूर्ण पिंप ४० लिटरचे. वहीत लाल फुली पडते, घरी 'लक्ष कुठे असतं तुझं?' असे ऐकावे लागते आणि गणित आपल्याला जमणारच नाही, ही भीती मनात घर करते. खरे तर त्याची आकडेमोड बरोबर असते. ३० लिटर हा पिंपाचा कितवा भाग, एवढेच त्याने पाहिलेले नसते.

अशा वेळी रागावण्याऐवजी आईने पिंपाचे चित्र काढून द्यावे. तृतीयांश आणि पाऊण दोन्ही त्यात दाखवता यावेत म्हणून उंचीचे १२ सारखे भाग करावेत. पाणी आधी ४ भागांपर्यंत होते, नंतर ९ भागांपर्यंत आले. म्हणजे ३० लिटरने ५ भाग भरले. एक भाग ६ लिटरचा, तर १२ भाग ७२ लिटरचे.

आता ताळा. ७२ चा तृतीयांश २४. त्यात ३० मिळवले की ५४, म्हणजेच ७२ चा पाऊण भाग. आणि पिंप ४० लिटरचे मानले तर? आधीचे १३ लिटरहून अधिक पाणी आणि वर ३० लिटर. पिंप ओसंडूनच वाहील! आपली चूक अशी डोळ्यांसमोर आली की मूल हसते आणि भीती पळते.

बाराव्या शतकातल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही असेच एक उदाहरण आहे. चार झरे एक कुंड अनुक्रमे एक, अर्ध्या, एक तृतीयांश आणि एक षष्ठांश दिवसात भरतात. चारही एकदम सोडले तर किती वेळ लागेल? नुसती बेरीज केली तर दोन दिवस येतात. पण पहिला झरा तर एकटाच एका दिवसात कुंड भरतो! एका दिवसात हे झरे १, २, ३ आणि ६, अशी १२ कुंडे भरतील. म्हणून एका कुंडाला दिवसाचा बारावा भाग, म्हणजे दोन तास पुरतात.

तेव्हा पेन्सिल उचलण्यापूर्वी मुलाने 'भाग, पण कशाचा?' असे स्वतःला विचारावे. ही सवय लागली की निम्मे गणित तिथेच सुटते.