कारवीची वाट पाहावी, नरक्याला हात लावू नये

डोंगरउतारावर रान दिसले की आपण त्याला 'पड' म्हणतो, आणि एकदा पड म्हटली की ती साफ करून काजूखाली आणावी असे मनात येते. काजूला माझा विरोध नाही. काजूच्या पैशावर पुष्कळ घरांतील मुले शिकली आहेत. पण सगळा उतार एकाच झाडाखाली घालू नये असे माझे स्पष्ट मत आहे, आणि ते मांडताना एका धर्मगुरूचे काम सांगणे मला जरूर वाटते.

फादर हर्मेनेगिल्ड सांतापाव हे येशूसंघाचे, मूळचे स्पेनचे. जन्म १९०३ चा. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले, १९६७ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली, आणि १९७० साली ते देवाघरी गेले. खंडाळ्याच्या घाटातील वनस्पतींवरचा त्यांचा ग्रंथ १९५३ साली निघाला. एका घाटाच्या टापूसाठी एवढा ग्रंथ कशाला, असे कोणी विचारील. पण पावसाळ्यात जे उगवते ते उन्हाळ्यात दिसत नाही. त्याच वाटेने पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या ऋतूंत गेल्यावाचून रान कळत नाही. उत्पत्तीच्या पुस्तकात आदामाने पशुपक्ष्यांना नावे दिली. झाडांचे काम बहुधा अशा माणसांसाठी राहिले असावे!

कारवीचेच पाहा. सांतापाव यांनी तिच्या फुलोऱ्याकडे मुद्दाम लक्ष दिले होते. कारवी सात-आठ वर्षे नुसती वाढते, मग सगळा डोंगर एकदम जांभळा होतो, मधमाश्या तुटून पडतात, बी धरते आणि झाड वाळून जाते. बोंडे फुटून बी पडते ते पुढच्या पावसाच्या तोंडाशी. फुलोऱ्याच्या वर्षी बी पडण्याआधीच आपण कुडासाठी किंवा मांडवासाठी कारवी तोडली, अगर उतारावर वणवा लावला, तर एक वर्षाचे नव्हे, आठ वर्षांचे पीक गेले. उतारावरची माती धरून ठेवणारी मुळी ती हीच. कणकुंबीला उगम पावणारी मलप्रभा गढूळ होते त्याला पाऊस एकटा जबाबदार नाही. बी पडू द्यावे, मग वाळकी काठी खुशाल आणावी. कूड तिचाही होतो.

आता एकाच झाडाचा प्रश्न. उष्ण प्रदेशातील रानात इतक्या जाती एकत्र कशा नांदतात, याचे एक उत्तर डॅनियल जान्झन यांनी १९७० साली आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ साली वेगवेगळे अभ्यास करून दिले. आईच्या झाडाखाली पडलेल्या बियांवर आणि रोपांवर त्याच जातीचे किडे व बुरशी टपलेली असते. लांब पडलेले बी वाचते, आणि मधली जागा दुसऱ्या जातीला मिळते. हे प्रत्येक झाडाला सारखेच लागू पडते असे नाही, पण काजू लावणाऱ्याला ते पुस्तकातून शिकावे लागत नाही. झाडाला झाड लागून एकाच जातीची बाग केली की ढेकण्या आणि खोडकिडा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे कसा सरकतो, हे त्याने पाहिलेले असते. मग औषधाचा पंप खांद्यावर येतो, आणि फवारणाऱ्याच्या छातीत काय जाते याचा हिशेब कोणी ठेवत नाही. बांधावरचा जांभूळ, हिरडा, कुंभा राहू द्या. ओहोळाच्या दोन्ही काठांना तर कुऱ्हाड लावूच नका.

नरक्याबद्दल थोडे कडक लिहावे लागेल. या झाडाचे जुने शास्त्रीय नाव 'माप्पिया फेटिडा'. 'फेटिडा' म्हणजे दुर्गंधी (सेमिनरीतले लॅटिन असे अधूनमधून उपयोगी पडते). १९६६ साली एका चिनी झाडातून कॅम्पटोथेसिन नावाचे द्रव्य वेगळे करण्यात आले. ते आपल्या नरक्यातही भरपूर आहे, हे १९७२ साली भारतीय शास्त्रज्ञांनी दाखविले. त्यावरून बनविलेली औषधे आज आतड्याच्या आणि अंडाशयाच्या कर्करोगावर वापरली जातात. म्हणून व्यापारी सह्याद्रीतून नरक्याची चोरटी तोड करवून घेतात. लाकूड वजनावर जाते, झाड मुळासकट उपटले जाते, आणि मजुरी घेणाऱ्या पोराच्या हाती किरकोळ रक्कम पडते. पकडला जातो तोही तोच. व्यापाऱ्याचे नाव कोणाला ठाऊक नसते. आपल्या तरुणांनी या कामाला जाऊ नये.

आणखी एक. कर्करोगाचे औषध म्हणून नरक्याची साल उकळून कोणी देत असेल तर घेऊ नका. मूळ द्रव्य इतके विषारी ठरले की सुरुवातीच्या चाचण्या थांबवाव्या लागल्या होत्या. आज रुग्णाला मिळते ते प्रयोगशाळेत बदललेले, मापून दिलेले औषध, आणि तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. घरात असा रोगी असेल तर आधी इस्पितळ गाठा. जाण्यायेण्याची अडचण असल्यास मिस्सानंतर मला येऊन भेटा.