गुरुजींची प्रसिद्धी

आपल्या धाराशिवच्या शेजारी, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी ३ डिसेंबर २०२० रोजी घराघरांत पोहोचले. १० लाख डॉलरचा ‘ग्लोबल टीचर’ पुरस्कार त्यांना जाहीर झाला. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर ९ शिक्षकांना देऊ केली. मग सत्कार आणि मुलाखतींची रीघ लागली. पण या लौकिकाच्या मुळाशी होतं पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडचं आणि मुलींना शाळेत टिकवण्याचं वर्षानुवर्षांचं काम. खरा मान त्या कामाचा. आपल्या वाड्या-तांड्यांवरही असे शिक्षक, अशा आरोग्यसेविका आहेत. जगाने त्यांना ओळखण्याची वाट कशाला पाहायची? वाचकहो, त्यांच्याविषयी आम्हाला जरूर लिहा.