गिऱ्हाईक कुठनं आणणार?

नोकऱ्या मागू नका, धंदा काढा. हायस्कुलातल्या पोरांना आता हे शिकवायचं म्हणतात. पुस्तकातनं नाही, हातानं. दिल्लीत २०२१ साली सरकारी शाळांतल्या अकरावी-बारावीच्या पोरांना माणशी दोन हजार रुपये दिले. गट करा, माल बनवा, विका. टीव्हीवर कार्यक्रमही झाला. मी टिंगल करणार नाही. गरिबाच्या पोराच्या हातात सरकारनं रोकड ठेवली, हे वाईट नाही.

पण दोस्तांनो, नुसत्या भांडवलानं भागतं का? १९१७ला बडोद्याची नोकरी सोडून बाबासाहेब मुंबईला आले. कोलंबियात अर्थशास्त्र शिकलेला माणूस. शेअरमध्ये पैसा घालणाऱ्यांना सल्ला द्यायचा धंदा त्यांनी काढला. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळलं आणि गिऱ्हाईक पसार! आता सांगा, त्यांच्यात काय कमी होतं? जिद्द? अक्कल?

आपल्याकडं शाळाशाळांतून आनंद मेळावा भरतो. पोरं स्टॉल लावतात, भेळ विकतात, गल्ला मोजतात. आमच्या वस्तीतली एक पोरगी म्हणाली, मी भाकरी आणि बोंबलाची चटणी आणते. बाई म्हणाल्या, "वास येतो. तू आपलं लिंबूसरबत कर." केलं. एक पालक आल्या, "आडनाव काय गं तुझं?" ऐकलं आणि पुढच्या स्टॉलवर गेल्या. सरबत प्यालो आम्ही आणि शाळेचा शिपाई. तिच्या वहीत शेरा पडला : विक्रीकौशल्य कमी.

कौशल्य! च्यायला, आडनाव विकायचं कौशल्य कुठल्या तासाला शिकवता?

म्हणून हाताचं शिक्षणच नको, असं मी म्हणत नाही. १८८२ला हंटर कमिशनपुढं जोतीरावांनी आमच्या पोरांसाठी मोडी मागितली, हिशेब मागितला, शेतीचं ज्ञान मागितलं. ते स्वतः कंत्राटदार. हिशेब न येणाऱ्याला कोण लुबाडतो, हे त्यांना पक्कं ठाऊक. पण १९५३ला मद्रासेत राजाजींनी खेड्यातल्या शाळांचे तास कापले. उरल्या वेळात पोरानं घरी बापाचा धंदा शिकायचा. म्हणजे चांभाराच्या पोरानं चामडं, धोब्याच्या पोरानं घाट. लोक खवळले. १९५४ला कामराज आले आणि योजना गुंडाळली. हातानं शिकवणं असंही असतं.

तेव्हा प्रकल्प कराच, पण वही मोठी घ्या. तेल कितीला पडलं, हे लिहिता. कोण न घेता पुढं गेलं आणि का, तेही लिहा. बाजारातल्या दुकानदाराला विचारा, पहिला पैसा कुणी दिला? मामानं, सासऱ्यानं, जातीच्या पतपेढीनं. आपल्या मामाकडं काय आहे, तेही शेजारच्या रकान्यात मांडा. बँकेत जा, तारण नसलं तर काय म्हणतात ऐका. महात्मा फुल्यांच्या नावाचं मागासवर्ग विकास महामंडळ १९७८पासून आहे. तिथं किती कागद लागतात, किती जामीनदार लागतात, मोजून या. गाळा भाड्यानं मागा. मालक आधी काय विचारतो, शब्दाला शब्द उतरवा.

मग त्याचा तक्ता करून शाळेच्या प्रदर्शनात लावा. हेडमास्तर काढायला सांगतील. काढू नका.