मैदान उघडले, पण खांदा तयार आहे का?

राज्य सरकारने २ ऑगस्ट २०२१ ला निर्बंध सैल केले, त्या जिल्ह्यांत जळगाव आणि धुळे दोन्ही होते. उद्याने आणि मैदाने व्यायामासाठी, चालण्या-धावण्यासाठी खुली झाली. महाविद्यालयांचे वर्ग तेव्हा अजून ऑनलाइनच होते, स्पर्धांच्या तारखा नव्हत्या, प्रशिक्षकांचे नियमित सराव नव्हते. म्हणजे मैदान होते, पण त्यावर लक्ष ठेवणारे कोणी नव्हते. दीड वर्ष घरात अडकलेला विशीतला खेळाडू अशा वेळी काय करतो, हे वेगळे सांगायला नको. तो पहिल्याच दिवशी पूर्ण जोर लावून पाहतो.

त्याच्या सहाच दिवस आधी, २७ जुलैला, योकोहामात जपानच्या महिलांनी अमेरिकेला २-० असे हरवून ऑलिंपिकचे सॉफ्टबॉल सुवर्ण जिंकले. जपानची पिचर युकिको उएनो तेव्हा ३९ वर्षांची होती. २००८ मध्ये बीजिंगला तिने दोन दिवसांत तीन सामने मिळून ४१३ चेंडू टाकून देशाला सुवर्ण मिळवून दिले होते. त्यानंतर हा खेळ ऑलिंपिकमधून वगळला गेला. टोकियोत तो परतला, तर साथीमुळे ऑलिंपिकच एक वर्ष लांबले. उएनो थांबली आणि जिंकली. ही गोष्ट खान्देशातल्या सॉफ्टबॉलपटूंना भावली असेल, आणि भावावीच. पण तिच्यातून ‘थांबलो तरी काही बिघडत नाही’ असा अर्थ कोणी काढला, तर तो चुकीचा ठरेल. ज्या वर्षी आपली मैदाने बंद होती, त्या वर्षी तिच्यामागे व्यावसायिक संघ, फिजिओ आणि आखलेला सराव होता.

खान्देशात सॉफ्टबॉल अनोळखी नाही. जळगाव हे तर राज्यातले या खेळाचे एक महत्त्वाचे ठाणे मानले जाते. महाविद्यालयीन खेळाडूची वाट ठरलेली असते: कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, आणि मग आंतरविद्यापीठ स्पर्धा. याला फारशी पर्यायी वाट नाही. भुवनेश्वरला १ मार्च २०२० रोजी संपलेल्या पहिल्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेत १७ खेळ होते, त्यांत सॉफ्टबॉल नव्हता. ती स्पर्धा संपून दोन आठवडेही झाले नव्हते तोच देशभरातल्या स्पर्धा थांबल्या आणि २५ मार्चपासून टाळेबंदी आली. त्या वर्षीच्या मे-जूनमध्ये जळगावच्या मृत्युदराची चर्चा देशभर झाली. तेव्हा खेळाचे नाव काढणेही अप्रस्तुत वाटावे अशी परिस्थिती होती. पुढचा, म्हणजे २०२०-२१ चा हंगाम तर आपल्याकडे उभाच राहिला नाही. १५ फेब्रुवारी २०२१ ला राज्यातली महाविद्यालये निम्म्या उपस्थितीत उघडली, आणि महिना उलटायच्या आत जळगावात पुन्हा बंद आणि जनता कर्फ्यू आला.

अमेरिकेत हेच घडले, पण हिशेब वेगळा झाला. तिथल्या महाविद्यालयीन सॉफ्टबॉलचा हंगाम फेब्रुवारीत सुरू होतो. १२ मार्च २०२० रोजी, हंगाम जेमतेम महिनाभराचा असताना, एनसीएए या संघटनेने वसंत ऋतूतल्या सगळ्या खेळांच्या राष्ट्रीय स्पर्धा रद्द केल्या. मात्र ३० मार्चला, तीनच आठवड्यांच्या आत, त्या खेळाडूंना पात्रतेचे एक जादा वर्ष दिले. शेवटच्या वर्षातल्या मुलीही परत येऊन खेळू शकल्या. आपल्याकडे टी.वाय.ला असलेली मुलगी पदवी घेऊन बाहेर पडली की तिचा खेळ बहुधा तिथेच संपतो. आंतरविद्यापीठ स्पर्धांना वयाची अट असते; शासकीय नोकरीतल्या पाच टक्के क्रीडा आरक्षणासाठी कामगिरीचे प्रमाणपत्र लागते. स्पर्धाच झाली नाही तर प्रमाणपत्र कुठून येणार? त्यात टाळेबंदीत मोजक्या पाहुण्यांत, कमी खर्चात उरकलेली लग्ने आहेतच. एखाद्या गावच्या मुलीचा बुडालेला हंगाम हा अनेकदा तिचा शेवटचा हंगाम असतो.

म्हणूनच आता स्पर्धा लवकर घ्या, बुडालेले भरून काढा, असा आग्रह सगळीकडून होणार. तो समजण्यासारखा आहे. पण शरीराचे वेळापत्रक परिपत्रकाने बदलत नाही.

सराव तुटला की पहिल्या काही दिवसांतच रक्तातल्या द्रवाचे प्रमाण घटू लागते. प्राणवायू वापरण्याची शरीराची कमाल क्षमता चार आठवड्यांच्या आत ४ ते १४ टक्क्यांनी आणि त्यापुढे ६ ते २० टक्क्यांपर्यंत कमी झाल्याचे अभ्यासांत दिसले आहे. जो जितका तयारीचा, त्याची घसरण तितकी मोठी. ताकद त्यामानाने टिकते, आणि नेमका इथेच घोटाळा होतो. स्नायू लवकर परततात. स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा मात्र सावकाश मजबूत होते. खेळाडूला वाटते, जोर तर पूर्वीसारखाच लागतोय. आणि त्या जोराचा ताण पेलायला कंडरा अजून तयार नसते.

याचे एक बोलके उदाहरण अमेरिकन फुटबॉलमधले आहे. २०११ मध्ये संघमालक आणि खेळाडूंच्या वादामुळे तिथल्या व्यावसायिक लीगचे खेळाडू मार्च ते जुलै संघाच्या सरावाबाहेर राहिले. तोडगा निघाला आणि सराव शिबिरे घाईने सुरू झाली. पहिल्या १२ दिवसांत दहा खेळाडूंच्या टाचेमागची अकिलीस कंडरा तुटली, पुढच्या १७ दिवसांत आणखी दोघांची. ते व्यावसायिक होते, घरीही व्यायाम करणारे होते, आणि त्यांची सुटी साडेचार महिन्यांची होती. आपली दीड वर्षाची होती.

सॉफ्टबॉलमध्ये सर्वांत जास्त काळजी पिचरची. नावात ‘सॉफ्ट’ असले तरी हा चेंडू क्रिकेटच्या चेंडूपेक्षा जड असतो, सुमारे १८० ते १९८ ग्रॅम. तो खालून टाकायचा असल्यामुळे खांद्याला त्रास नाही, असा समज खेळाडूंमध्येही आहे. हा समज खोटा आहे. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमधल्या पिचरचा अभ्यास झाला, तेव्हा चेंडू सुटताना खांद्याच्या सांध्यावर येणारी ओढ शरीराच्या वजनाच्या सरासरी ८० टक्के भरली. पन्नास किलोच्या मुलीच्या खांद्याला दर चेंडूमागे चाळीस किलोचा हिसका, असे समजा. हात पवनचक्कीसारखा पूर्ण फिरतो आणि दंडाच्या पुढच्या स्नायूवर, बायसेप्सवर, वरून फेकण्यापेक्षाही जास्त भार येतो. खांद्याच्या पुढच्या बाजूचे दुखणे म्हणूनच पिचरमध्ये नेहमीचे. घरात पुश-अप मारता येतात, दोरीउड्या मारता येतात; ४३ फुटांवरून पूर्ण वेगाने चेंडू टाकण्याचा सराव अंगणात होत नाही.

आणि आपल्या संघांची रचना पाहा. महाविद्यालयाच्या संघात खरी पिचर एखादीच असते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एक-दोन दिवसांत उरकायची, त्यामुळे तीच सकाळी, तीच दुपारी आणि अंतिम सामन्यातही तीच. चेंडू मोजण्याची पद्धत नाही. साध्या वर्षातही हे योग्य नव्हते. साचलेल्या स्पर्धा एका महिन्यात कोंबल्या, तर एका खांद्यावर सगळा हंगाम येईल. उएनोचे ४१३ चेंडू कौतुकाने सांगावेत, अनुकरणासाठी नव्हेत.

काळी माती हा आपला आणखी एक प्रश्न. पावसाळ्यात ती पायाला चिकटते, वरून सुकली तरी आत ओली राहते. पहिल्या बेसकडे धाव घेताना पाय सरकला की मांडीच्या मागचा स्नायू किंवा गुडघा जातो. मैदान वाळेपर्यंत वेगाने धावण्याचा सराव डांबरी रस्त्यावर करणे हाही उपाय नाही. तोपर्यंत ताकदीचे व्यायाम आणि हलके फेकणे पुरे.

आता हृदयाविषयी. २०२१ च्या एप्रिल-मेच्या लाटेत अनेक तरुणांना घरच्या घरी सौम्य कोरोना होऊन गेला. कित्येकांनी तपासणीही केली नाही. कोरोनानंतर हृदयाच्या स्नायूला सूज येते, त्याला मायोकार्डायटिस म्हणतात, ही भीती २०२० मध्ये अमेरिकेत इतकी पसरली की तिथल्या एका मोठ्या विद्यापीठ गटाने ऑगस्टमध्ये हंगाम पुढे ढकलताना तिचा विचार केला. त्याच ‘बिग टेन’ गटाचा अभ्यास मे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. कोरोना होऊन गेलेल्या १,५९७ खेळाडूंच्या हृदयाचे एमआरआय केले. ३७ जणांत, म्हणजे २.३ टक्के खेळाडूंत, सूज आढळली. त्यातल्या नऊ जणांनाच काही लक्षणे होती. दुसऱ्या एका अभ्यासात लक्षणे आणि नेहमीच्या चाचण्या पाहून पुढे जाण्याची पद्धत होती; तिथे ३,०१८ खेळाडूंत २१ जण, म्हणजे ०.७ टक्के निघाले.

आकडे लहान आहेत, पण सुजलेल्या हृदयावर जोराचा व्यायाम केल्यास ठोके बिघडून जिवावर बेतू शकते, म्हणून ते दुर्लक्ष करण्याजोगेही नाहीत. प्रत्येक खेळाडूचा एमआरआय करणे खान्देशात शक्य नाही आणि माझ्या मते गरजेचेही नाही. छातीत दुखणे, धडधड, पूर्वी सहज जमणाऱ्या धावेला लागणारी धाप, चक्कर किंवा शुद्ध हरपणे, यांपैकी काहीही असेल तर सराव थांबवून डॉक्टरांकडे जावे. ईसीजी, रक्ताची ट्रोपोनिन चाचणी आणि इको या तपासण्या जळगाव-धुळ्यात होतात. ज्यांना तेव्हा संसर्ग होईल त्यांच्यासाठी ब्रिटनमधल्या क्रीडावैद्यक तज्ज्ञांची शिफारस सोपी होती: किमान दहा दिवस विश्रांती, औषधाविना सात दिवस लक्षणमुक्त, आणि मग पायरीपायरीने सराव. सतराव्या दिवसाच्या आत पूर्ण खेळ नाही.

मुलींच्या बाबतीत मात्र एमआरआयपेक्षा हिमोग्लोबिनची साधी तपासणी जास्त कामाची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के महिलांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत हे प्रमाण ४८ होते. दम लागतो, पाय जड होतात, लक्ष लागत नाही, याचे खापर ‘सवय मोडली’ म्हणून टाळेबंदीवर फुटेल आणि खरे कारण रक्तात राहील. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असलेल्या मुलीला पळवून तंदुरुस्ती वाढत नाही. आधी लोहाच्या गोळ्या, सोबत डाळी-कडधान्ये, उडीद-ज्वारीची कळण्याची भाकरी, आणि वर लिंबू पिळायला विसरू नये, कारण ‘क’ जीवनसत्त्वाने लोह अंगी लागते. जेवणावर लगेच चहा नको.

सरावाचे प्रमाण किती ठेवावे? अमेरिकेतल्या शरीरक्षमता प्रशिक्षकांच्या संघटनांनी २०१९ मध्ये, म्हणजे साथीच्या आधीच, खंडानंतर परतणाऱ्यांसाठी एक सूत्र दिले होते: नेहमीच्या भारातून पहिल्या आठवड्यात निम्मा कमी करा, दुसऱ्यात ३० टक्के, तिसऱ्यात २० आणि चौथ्यात १०. दीड वर्षाच्या खंडाला मी त्यात आणखी दोन आठवडे जोडेन. पिचरने एक दिवस टाकावे, एक दिवस थांबावे, रोजचे चेंडू वहीत लिहावेत. खांद्याच्या पुढे टोचले तर त्या दिवशी बंद. २०२१ मध्ये १८ वर्षांवरील सर्वांना लस खुली होती. कोविशिल्डच्या दोन डोसांत तेव्हा १२ ते १६ आठवडे जात असल्याने हंगाम दिवाळीनंतर धरला तरी पहिला डोस ऑगस्टमध्येच घ्यायला हवा होता. ग्लोव्ह एकमेकांचे वापरण्याची सवय मात्र तूर्त सोडावी. जिथे पर्याय नाही, तिथे हात धुण्याची सोय मैदानाच्या कडेलाच असावी.

राहिले स्पर्धा भरवणाऱ्यांचे काम. सराव अधिकृतपणे सुरू झाल्यापासून पहिल्या सामन्यापर्यंत सहा आठवडे ठेवावेत. एका दिवसात एका पिचरने किती इनिंग टाकायच्या याला मर्यादा घालावी. मग प्रत्येक संघाला दुसरी पिचर तयार करावीच लागेल. आणि २०२०-२१ मध्ये जे शेवटच्या वर्षात होते, त्यांना वयाच्या अटीत एक वर्षाची सूट मिळावी. पहिल्या दोन गोष्टी इथल्या पातळीवर ठरू शकतात. वयाची सूट देशपातळीवर ठरते. तिची मागणी विद्यापीठांनी नवे प्रवेश सुरू असतानाच करायला हवी होती, कारण खेळण्यासाठी पुढच्या अभ्यासक्रमाला नाव घालायचे की नाही, हे त्या मुलींना त्याच महिन्यात ठरवायचे होते.