वेश चढवला, आता उत्तरे द्या

स्वातंत्र्यदिन असो वा स्नेहसंमेलन, शाळांमध्ये इतिहास येतो तो ड्रेपरीवाल्याच्या पेटीतून. जिरेटोप, कापसाची दाढी, पुठ्ठ्याची ढाल, झाशीच्या राणीच्या पाठीला बांधलेली बाहुली. दोन ओळी म्हणायच्या, टाळ्या घ्यायच्या, फोटो काढायचा आणि विंगेत पळायचे. पहिली-दुसरीत हे शोभते. पण दहावीतला कॅडेटही तेवढेच करत असेल, तर त्याने फक्त कपडे बदलले असे मी म्हणेन.

वेशभूषेला माझा विरोध नाही. बाबासाहेब पुरंदरे यांच्या ‘जाणता राजा’त हत्ती, घोडे आणि मोठा नटसंच असतो. सुषमा देशपांडे यांनी ‘व्हय, मी सावित्रीबाई’ एकटीने उभे केले. दोन्ही तऱ्हांनी इतिहास समोर येऊ शकतो. पण आपण आणखी एक पाऊल टाकावे असे मला वाटते. ज्याने वेश चढवला, त्याने प्रश्नांना उत्तरेही द्यावीत.

अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातल्या विल्यम्सबर्ग या जुन्या गावात असे चालते. थॉमस जेफरसन झालेला नट भाषण करून निघून जात नाही. लोक विचारतात आणि तो जेफरसन म्हणूनच उत्तर देतो. सगळी माणसे समान आहेत असे लिहिणाऱ्याने स्वतः गुलाम का बाळगले, हा प्रश्न त्याला टाळता येत नाही. १९९४ मध्ये तिथे गुलामांच्या लिलावाचा प्रसंग सादर झाला, तेव्हा निषेधही झाला. तरी कृष्णवर्णीय कलाकारांनी तो केलाच, कारण तसे लिलाव खरोखर होत होते.

आपल्याला तर विषय शोधायला लांब जायलाच नको. श्रीरंगपट्टण म्हैसूरच्या शेजारी आहे. ५ एप्रिल १७९९ च्या रात्री कर्नल आर्थर वेलस्ली तिथल्या सुलतानपेठच्या झाडीत रेकी न करता शिरला. अंधारात तुकडी विस्कटली आणि त्याला मागे फिरावे लागले. दिवसाउजेडी न पाहिलेल्या ठाण्यावर रात्री हल्ला करायचा नाही, असे त्याने नंतर ठरवले. याच वेलस्लीने २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातल्या असई येथे मराठ्यांना हरवले आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला नेपोलियनला. त्याचा लाल कोट घालणाऱ्याला एका कॅडेटने एवढेच विचारावे, “सर, त्या रात्री काय चुकले?” रेकीचा धडा कुणी विसरणार नाही.

आता अवघड भाग. मराठी मुलाला भूमिका मिळते ती बहुधा शिवाजी महाराजांची, आणि ती कुणालाही आवडेल. पण म्हैसूरच्या इतिहासात मराठे आणखी एका रूपात येतात. १७९१ मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेबरोबरच्या पेंढाऱ्यांनी शृंगेरीचा मठ लुटला. टिपू सुलतानाने शंकराचार्यांना पत्रे लिहिली आणि मठाला मदत पाठवली. ती कन्नड पत्रे १९१६ मध्ये उजेडात आली. परशुरामभाऊंचा फेटा बांधणाऱ्या मराठी मुलाला कन्नड मित्र शृंगेरीबद्दल विचारणारच. तसेच टिपू झालेल्या मुलाला कोडगूचा मित्र विचारेल, आमची माणसे कैद करून का नेलीत?

अशाने भांडणे होतील, असे काही जण म्हणतील. मला तसे वाटत नाही. आम्ही एकाच डॉर्मिटरीत झोपतो, एकाच मेसमध्ये जेवतो. शिक्षकांसमोर, कागदपत्रे वाचून असे प्रश्न विचारता येणार नसतील, तर ते आम्ही कुठे शिकायचे? उद्या आमच्या हाताखाली निरनिराळ्या प्रांतांचे जवान असतील. प्रत्येकाच्या घरी वेगळा इतिहास सांगितला जातो, हे अधिकाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

म्हणून येत्या कार्यक्रमासाठी तीन सूचना. प्रत्येक पात्राने आधी निदान एक पुस्तक वाचावे. सादरीकरणानंतर पाच मिनिटे प्रश्नांसाठी ठेवावीत. आणि वर्षातून एक भूमिका अशी घ्यावी, जी आपल्या घरात कुणाचीच लाडकी नाही. पालकांनाही विनंती, ड्रेपरीवाल्याला फोन करण्याआधी मुलाला एवढे विचारा: तुला कुणी प्रश्न विचारला, तर तू काय सांगशील?