आरोग्यचिंतन : गाठ केवढी, की गाठ कोठे?

जामसांवलीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. त्यांच्या वडिलांना स्वादुपिंडाचा कर्करोग झाला आहे. "गाठ अवघी अडीच सेंटिमीटरची, तरी डॉक्टर म्हणतात, आधी औषधे, शस्त्रक्रियेचे मागाहून पाहू. ते आमच्यापासून काही लपवीत तर नाहीत ना?" असे त्या विचारतात.

ताई, यात लपवाछपवी असेलच असे नाही. स्वादुपिंड जठराच्या मागे, पोटात खोलवर असते. आतड्यांना रक्त पुरविणारी मोठी रोहिणी आणि यकृताकडे रक्त नेणारी नीला त्यास अगदी खेटून असतात. म्हणून गाठ केवढी, याइतकेच ती या वाहिन्यांना कितपत बिलगली आहे, हेही शस्त्रवैद्य पाहतो.

यासाठी सीटी स्कॅन करतात. शिरेतून आयोडीनयुक्त द्रव्य देऊन सुमारे ४०-४५ सेकंदांनी पहिली चित्रे घेतात. त्यांत निरोगी स्वादुपिंड उजळते व गाठ बहुधा काळसर राहते. ७० सेकंदांच्या सुमारास घेतलेल्या चित्रांत नीला व यकृत स्पष्ट दिसतात. रोहिणी मोकळी असेल आणि रोग अन्यत्र पसरला नसेल, तर बहुधा शस्त्रक्रिया शक्य असते. गाठ मुख्य रोहिणीच्या निम्म्या घेरापर्यंत टेकली असेल, तर रोग सीमारेषेवरचा मानतात. निम्म्याहून अधिक वेढली असेल, तर सहसा आरंभी शस्त्रक्रिया करीत नाहीत. नीलेचा थोडा भाग मात्र कापून पुन्हा जोडता येतो.

सीमारेषेवरच्या रुग्णास काही महिने औषधे देऊन पुन्हा स्कॅन करतात. तेव्हा गाठ चित्रात तेवढीच दिसली, तरी निराश होऊ नये. मेलेल्या पेशींचा व्रणही तसाच दिसतो. उलट, यकृतावरचे वा उदरपटलावरचे बारीक कण स्कॅनमधून निसटतात. म्हणून कधी कधी आधी दुर्बिणीने पोटात पाहतात.

निदानाच्या वेळी शंभरांतील जेमतेम पंधरा-वीस रुग्णांवरच शस्त्रक्रिया करता येते. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर याच रोगाने १७ मार्च २०१९ रोजी निवर्तले. म्हणून अन्य वाचकांसही विनंती, की उतारवयात पोट न दुखता कावीळ झाली, लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली वा वजन उतरू लागले, तर काविळीची माळ घालून आठवडे दवडू नका. पित्तनलिकेत नळी घालावयाची असल्यास त्यापूर्वीच स्कॅन करता येईल का, हे विचारा. नळीनंतरच्या सुजेने चित्र धूसर होते.

ताई, डॉक्टरांना एवढेच विचारा : "गाठ कोणत्या वाहिनीस, किती बिलगली आहे?" दुसरे मत घ्यावयाचे झाल्यास नागपूर जवळ आहे, मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय आहे. जाताना केवळ अहवाल नव्हे, स्कॅनची मूळ चित्रेही न्या. आपल्या गावच्या पहुडलेल्या मारुतिरायास नवस अवश्य बोला. पण पुढच्या स्कॅनची तारीख चुकवू नका.